सूज, कॅन्सर आणि पेशींचे सांगावे



संयोजकांनी मला बजावलं आहे, "प्रयोगशाळेत काय करतेस ते आम्हाला कळेल असं सांग." मी केमोकाइन नावाच्या प्रथिनांवर काम करते. नाव अवघड असलं तरी त्यांचं काम साधं आहे : सांगावा धाडणं.

बोटात काटा मोडला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. जखमेजवळच्या पेशी केमोकाइन सोडतात. जखमेपाशी ते दाट असतं, लांब जावं तसं विरळ. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर हा सांगावा ओळखणारे रिसेप्टर असतात. गुळाच्या वासावर मुंग्या याव्यात तशा त्या दाटाच्या दिशेनं सरकतात आणि जंतू मारतात. माणसात अशी सुमारे 50 केमोकाइन आहेत. काम झालं की सांगावे थांबतात, सूज उतरते. म्हणजे सूज ही शरीराची डागडुजी आहे.

सांगावा वर्षानुवर्षे थांबतच नाही, तेव्हा मात्र बिघडतं. गालात रोज तंबाखूचा बार धरला की तिथली सूज हटत नाही, आणि पांढऱ्या पेशींची रसायनं आपल्याच पेशींना इजा करू लागतात. एकदा गाठ झाली की ती स्वतःच खोटे सांगावे धाडते आणि आलेल्या पेशींकडून रक्तवाहिन्या वाढवून घेते. 2001 साली शास्त्रज्ञांना दिसलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर4 नावाचा रिसेप्टर असतो. त्याला बोलावणारं केमोकाइन फुप्फुस, यकृत, हाडांचा मगज इथं भरपूर असतं. हा कॅन्सर पसरतोही नेमका तिथंच.

हे सगळं गेवराईत का सांगते? कारण "सुजेतून कॅन्सर होतो" या अर्धसत्याची किंमत आपल्याच बायकांनी मोजली आहे. आठवतं ना, दिवाळीनंतर वर्गातली काही बाकं रिकामी व्हायची. ती मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. आज त्यातल्या कितीतरी मुली स्वतः कोयता धरतात. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका" असं ऐकल्याचं अनेकींनी सांगितलं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढं आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

विज्ञान काय सांगतं? पांढरं जाण्यामागं बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. बहुतेकींच्या शरीरात सांगाव्यावर आलेल्या पांढऱ्या पेशीच हा विषाणू एक-दोन वर्षांत घालवतात. तो टिकून राहिला, तरी कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे तपासायला भरपूर वेळ मिळतो.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांसोबत 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. 2009 मध्ये निष्कर्ष आला : आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आज या सभागृहात शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, मेडिकल दुकानदार आहेत, सरपंच आहेत. माझं मागणं एवढंच : तिशीनंतरच्या बायकांना तपासणीला न्या आणि मुलींना एचपीव्हीची लस द्या, आता ती पुण्यातही बनते. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर थांबू नका. आणि कुणी नुसत्या सुजेवरून पिशवी काढायला सांगितलं, तर आधी तपासणीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

प्रश्न विचारायला आपल्याला याच शाळेनं शिकवलं. तेवढा एक प्रश्न टोळीवरच्या प्रत्येक बाईपर्यंत पोचवू या.