जुन्नरचा घोडा आणि ओझरचें विमान

नाशिकच्या द्वारका चौकांत पुण्याकडून येणारा रस्ता मुंबई-आग्रा रस्त्यास मिळतो. पहिल्यानें सिन्नर, संगमनेर ओलांडून नारायणगांवास गेलें, कीं जुन्नर जवळच. दुसऱ्यानें ईशान्येस सुमारें २० किलोमीटर गेलें, कीं ओझर लागतें. भारत व रशिया यांच्या संबंधांतील दोन प्रकरणें या दोन टोकांस घडलीं, हें त्या चौकाच्या गर्दींतून वाट काढणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानीं येत असेल.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्होल्गाकांठच्या त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितिन चौलमार्गें जुन्नरास आला. त्याच्यापाशीं विकावयास एक घोडा होता. जुन्नरच्या खानानें तो काढून घेतला व धर्म बदलशील तर परत देईन, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थानें रदबदली केली तेव्हां घोडा सुटला; पुढें तो बिदरास विकला गेला. दख्खनच्या फौजांना परदेशी घोड्यांची नड सदाचीच होती. घोडा विकत मिळे. परंतु त्याची उत्तम पैदास या हवेंत होत नसे. म्हणून समुद्रापलीकडच्या सौदागराची वाट दरसाल पाहावी लागे.

स्वतंत्र भारतापुढें हीच अडचण विमानांच्या रूपानें उभी राहिली. मॉस्कोशीं राजनैतिक संबंध १३ एप्रिल १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वींच, जुळले होते. १९६२ च्या ऑगस्टमध्यें मिग-२१ विमानांविषयीं करार झाला, तो केवळ खरेदीचा नव्हता. विमानें येथें बांधण्याची परवानगीही त्यांत होती. लवकरच चीनचें आक्रमण झालें, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले आणि १९६३ सालीं नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. विमानाचा सांगाडा ओझरास, इंजिन ओरिसांत कोरापुटास व विद्युत्-उपकरणें हैदराबादेस, अशी कामाची वांटणी ठरली. द्राक्षांच्या मुलुखांत ध्वनीहून वेगवान विमानें तयार होऊं लागलीं. सहाशेंहून अधिक मिग-२१ भारतांत बांधलीं गेलीं. ९ ऑगस्ट १९७१ च्या मैत्रीकरारानें या सख्यास राजकीय बळ आलें आणि त्याच डिसेंबरांत बांगलादेशाच्या युद्धांत हीं विमानें लढलीं.

येथें एक भेद ध्यानांत घेणें अवश्य आहे. परवान्यानें वस्तु बनवितां येते. तिची कल्पना करण्याची विद्या परवान्यासोबत येतेच असें नाहीं. नकाशा दुसऱ्याचा, त्यांत बदल करावयाचा तरी पुन्हा त्याचीच संमति. १९९१ सालीं सोव्हिएत संघ फुटला तेव्हां सुटे भाग मिळविणें किती जिकिरीचें झालें, तें हवाई दलानें अनुभवलें. मिग-२१ च्या अपघातांत अनेक तरुण वैमानिक गेले, हेंही विसरतां येत नाहीं. त्या सर्वांचा दोष मात्र एकट्या यंत्रावर ढकलणें न्यायाचें नव्हे.

याच मैत्रीनें दुसरेंही एक देणें दिलें, त्याचा बोलबाला फारसा होत नाहीं. मुंबईस पवईची तंत्रज्ञान संस्था १९५८ सालीं सुरू झाली, ती युनेस्कोच्या द्वारें आलेल्या सोव्हिएत साह्यानें. यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ अध्यापक आले, येथील अध्यापक तिकडे शिकून आले. या विद्येवर कोणाचा परवाना नव्हता. विद्यार्थी ती घेऊन मनास येईल तें रचावयास मोकळा होता. विमानांच्या मानानें हा खर्च अल्पच असावा. फळ मात्र अधिक टिकाऊ.

ओझरास मिग-२७ व पुढें सुखोई-३० हीं विमानेंही बांधलीं गेलीं. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडास मिग-२१ नें हवाई दलाचा निरोप घेतला आणि तीनच आठवड्यांनीं, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धांवपट्टीवरून तेथें बांधलेलें पहिलें तेजस मार्क-१-ए उडालें. त्याचा आराखडा भारतीय आहे. इंजिन अमेरिकेहून येतें.