शेवटच्या खांबाजवळ आपले स्वागत
(अक्षय ऊर्जा आणि आधुनिक वीजजाळे या विषयावरील दिवेआगर येथील परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



दिवेआगरच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. माणगाव स्टेशनला उतरून म्हसळ्याचे घाट-वळण पार करत, बोर्ली पंचतनमार्गे आपण इथवर आलात. कोणी दिघीची फेरीबोट धरून आले, कोणी रात्रीच्या एसटीने. प्रवास सोपा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. अशा परिषदा मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित सभागृहांत होतात. त्या सोडून समुद्राकाठच्या एका गावावर आपण विश्वास टाकलात, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

पाहुण्यांना गावाची ओळख करून देणे हा स्वागताध्यक्षाचा मान, आणि हे गाव माझ्या जिवाचे आहे. तेव्हा थोडा अधिक वेळ घेतला तर सांभाळून घ्यावे.

उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य असल्यापासून आमच्या गावाचा लेखी इतिहास आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधला दिवेआगरचा ताम्रपट हा मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत आमच्या गावी मराठी तांब्यावर उमटली. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात त्याची नोंद घेतली आहे. ज्या शके ९८२ मध्ये मम्वाणी राजाच्या काळात अंबरनाथच्या शिवमंदिरात लेख कोरला गेला, त्याच वर्षातला हा ताम्रपट. ज्ञानेश्वरी पूर्ण व्हायला त्या वेळी अजून २३० वर्षे अवकाश होता! शाळेत इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावे येतात. मला मात्र त्या ताम्रपटाचा कोरक्या सारखा आठवतो. छिन्नी-हातोडी घेऊन, पत्रा मांडीवर किंवा पाटावर धरून, एकेक अक्षर ठोकत बसलेला तो कारागीर. त्याचे घर कुठल्या पाखाडीत होते, कोणी सांगू शकत नाही. गावात त्याच्या नावाचा चौक नाही, त्याची पुण्यतिथी नाही. पण गावातला व्यवहार गावाच्या बोलीत नोंदवून ठेवणारा तो माणूस आमचा आद्य पूर्वज आहे, असे मी मानतो. आज या व्यासपीठावरून, साडेनऊशेहून अधिक वर्षांनी, मी त्याला पहिला नमस्कार करतो.

आपण दोन दिवस इथे आहात, तर रूपनारायणाचे दर्शन घेतल्याशिवाय जाऊ नका. विष्णूची ही मूर्ती शिलाहारकालीन. मूर्तीभोवतीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले आहेत. समईच्या उजेडात जरा वेळ उभे राहिलात की मत्स्य, कूर्म, वराह एकेक करून डोळ्यांत भरू लागतात. जवळच सुंदरनारायणाचे देऊळ आहे, तेही पाहावे.

आणि सुवर्णगणेश! १७ नोव्हेंबर १९९७, संकष्टी चतुर्थीचा दिवस. श्रीमती द्रौपदीबाई पाटील यांच्या वाडीत खोदकाम चालू असताना तांब्याची पेटी लागली, आणि तीत सव्वा किलोहून अधिक वजनाचा सोन्याचा गणेशमुखवटा निघाला. वाडीत राबणाऱ्या घरात सापडलेले ते धन साऱ्या गावाचे दैवत झाले आणि त्यामुळे दिवेआगरचे नाव महाराष्ट्रभर पोचले. घराघरांतून पाहुण्यांची सोय सुरू झाली, अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. देवळाच्या दोन रखवालदारांना प्राण गमवावे लागले. मुखवटा गेला, गावाची रया गेली. पुढे २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकी संकष्टीला, मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. त्या दोन रखवालदारांचे स्मरण केल्याशिवाय गावातला कोणताही मोठा कार्यक्रम सुरू होऊ नये, असे मला वाटते, म्हणून आज त्यांना आदरांजली वाहतो.

ताम्रपट तांब्याचा, गणपतीची पेटी तांब्याची, आणि आपण ज्या रोहित्रांवर उद्या चर्चा करणार आहात त्यांचे वेढेही पुष्कळदा तांब्याचेच. आपल्या विषयाशी आमच्या गावाचे नाते एवढे तरी जुने आहे!

गावाचा संसार उभा आहे तो नारळी-पोफळीवर. श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळ्यांना माहीत आहे. ती आमच्या या वाड्यांतूनही जाते. पूर्वी वाडीला पाणी रहाटाने निघे. पहाटेच रेडा जुंपायचा, लोट्यांची माळ फिरायची, पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून आळ्याआळ्यांत. त्या रहाटाची कुरकुर ऐकत आमच्या आधीच्या पिढ्या जाग्या झाल्या. मग वीज आली, विहिरीवर पंप बसला, आणि बटण दाबले की वाडी शिंपून होऊ लागली. विजेने कोकणच्या बागायतदाराचे किती कष्ट वाचवले, याचा हिशेब मांडायचा तर तो रहाटावर उभ्या राहिलेल्या माणसालाच विचारावा लागेल. सुपारी सुकवण्याचे काम मात्र आजही सूर्यच करतो. चाळीसेक दिवस ती खळ्यात ऊन खाते तेव्हा कुठे सोलायला तयार होते. सौरऊर्जा आमच्यासाठी अशी जुनी ओळखीची.

मंडळी, आपला रायगड हा विजेचा जिल्हा आहे. १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली. १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी आमच्या जिल्ह्यात उतरले आणि मुंबईत दिवे लागले. त्यासाठी मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. वीज स्वच्छ असली तरी तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते. नव्या सौरप्रकल्पांसाठी जमीन घेताना हे विसरू नये, एवढीच माझी विनंती.

भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॉटचा उदंचन संच आला. वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी सुमारे ५०० मीटर वर मुळशीच्या तलावात चढवायचे, आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करायची. दुपारी उन्हाची वीज मुबलक आणि दिवेलागणीला ती नाहीशी, ही आजची मोठी अडचण. तिच्यावरचा एक उपाय आमच्या जिल्ह्यात कधीचा चालू आहे. भिवपुरीला १,००० मेगावॉटचा नवा उदंचन प्रकल्प उभारण्याचा करार २०२३ मध्ये झाला. कोकणात पावसाळ्यात ऊन दडते, पण त्याच महिन्यांत सह्याद्रीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात. ऊन, वारा आणि पाणी यांची अशी सांगड घालणे हे आपल्या विद्वत्तेचे काम. त्यात मी अधिक बोलणे योग्य नाही.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशभर घरांतले दिवे ९ मिनिटे मालवले गेले. मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली आणि पुन्हा वर गेली, तरी जाळे डगमगले नाही. भारप्रेषण केंद्रांत बसलेल्या माणसांनी आणि जलविद्युत केंद्रांनी ते पेलून दाखवले. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. काही तासांत पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरूचे बन झोपले, घरांचे पत्रे उडाले. खांब पिळवटून रस्त्यावर पडले आणि तारा वाडीतल्या पडलेल्या झाडांत गुंतल्या. मोबाइल मुका झाला. पंप बंद, म्हणून पिण्याचे पाणीही बंद. श्रीवर्धन तालुक्यात अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. सारा देश सांभाळणारे जाळे आमच्यापर्यंत येता येता तुटले होते.

त्या दिवसांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले महावितरणचे जनमित्र, म्हणजे लाइनमन, मी विसरू शकत नाही. टाळेबंदीचे दिवस, वरून पाऊस, आणि गाडी जात नाही तिथे खांद्यावर खांब घेऊन चिखलातून चालणारी ती मुले! लाइट आली त्या संध्याकाळी घराघरांतून माणसे ओट्यावर आली होती. आज या मंडपात त्यांच्यापैकी कोणी असतील, तर त्यांना माझा दंडवत.

म्हणून माझे मागणे एकच आहे. वाडीत पाणी सोडले की जाणता माणूस शेवटच्या पोफळीच्या आळ्यात पाणी पोचले का, ते आधी बघतो. स्मार्ट म्हणवणाऱ्या जाळ्याची परीक्षाही फीडरच्या शेवटच्या खांबावर व्हावी.

आज अनेकांनी छपरावर सौरपट बसवले आहेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, त्यामुळे आमच्याकडेही लोक पुढे येत आहेत. मात्र लाइट गेली की छपरावर लख्ख ऊन असूनही घरात पंखा फिरत नाही. जाळे बंद पडले की साधा इन्व्हर्टरही बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या जनमित्राला उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये. हा नियम योग्यच आहे. पण आरोग्य केंद्र, पाणीयोजनेचा पंप, शाळा आणि मोबाइलचा मनोरा एवढे तरी वादळानंतर आपल्या बळावर चालावेत, जाळ्यापासून सुरक्षितपणे सुटे होऊन बॅटरीवर तग धरावेत आणि जाळे आले की पुन्हा त्याला जोडले जावेत, अशी रचना किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावासाठी आपण आखावी. खांबाऐवजी भूमिगत वाहिन्या कुठे टिकतील, हेही बघावे. खारे वारे लोखंडाला खातात आणि वादळ खांब पाडते, हे आम्ही रोज अनुभवतो. आणखी एक विनंती. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, आणि गावाकडच्या दिव्यांनी त्यांची वाट चुकते. विणीच्या दिवसांत किनाऱ्याकडचे दिवे आपोआप मंद होतील, अशी सोय करून दिलीत तर समुद्रही आपले आभार मानेल.

आता व्यवस्थेबद्दल. आमच्या गावात मोठे सभागृह नाही, म्हणून मंडप घातला. दुपारी ऊन लागेल, तेव्हा मागच्या रांगांतल्या पाहुण्यांनी वाडीच्या सावलीत बसावे, तिथे ध्वनिक्षेपक लावला आहे. सगळ्यांची एका जागी राहण्याची सोय झाली नाही. पाहुणे घराघरांत विखुरले गेले, कोणाला दूरच्या पाखाडीत जावे लागले, कोणाच्या वाट्याला लहान खोली आली. काहींना पहाटे आंघोळीच्या गरम पाण्यासाठी थांबावे लागले, त्याबद्दल मी क्षमा मागतो. मोबाइलची रेंज वाऱ्यासारखी येते-जाते. निबंध वाचणाऱ्यांनी आपली सादरीकरणे आधीच स्वयंसेवकांकडे द्यावीत. लाइट गेलीच तर जनरेटर तयार आहे आणि शाळेच्या छपरावरच्या सौरपटांची बॅटरीही भरून ठेवली आहे. जेवणात उकडीचे मोदक आहेत. मासे न खाणाऱ्यांची पंगत वेगळी मांडली आहे. कुठे उणे राहिले, तर तो दोष गावाचा नाही, माझा समजावा आणि उदार मनाने पोटात घालावा.

आभार मानायचे तर रात्र पुरणार नाही. मंडपासाठी आपली वाडी मोकळी करून देणारे बागायतदार, पाहुण्यांसाठी स्वतःच्या खोल्या देऊन पडवीत झोपलेली कुटुंबे, मासळीचा भार उचलणारे कोळी बांधव, पहाटेपासून तांदळाची उकड काढणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, पाण्याचे टँकर पाठवणारे शेजारगावचे दाते, बोर्ली पंचतनचे व्यापारी, मुंबईहून रक्कम पाठवणारे आमचे चाकरमानी, ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक, पोलीस आणि शाळेची मुले, सर्वांचा मी ऋणी आहे. लहान मोठा न करता सर्व देणगीदारांची नावे प्रवेशद्वारावरच्या फलकावर लिहिली आहेत. कोणाचे राहिले असेल तर कृपया कार्यालयात सांगावे, संध्याकाळपर्यंत ते लिहिले जाईल. एका आजींनी सुपारी विकून आलेले पैसे आणून दिले आणि नाव लिहू नका म्हणाल्या. त्यांची आज्ञा पाळली आहे, पण त्यांचे आभार मानण्याचा हक्क मी सोडत नाही.

अध्यक्षमहोदय, आपल्या मार्गदर्शनाखाली इथे होणारी चर्चा ठरावांत बांधली जावी, आणि त्या ठरावांत किनाऱ्यावरच्या शेवटच्या गावांसाठी एक ठराव असावा, एवढी अपेक्षा दिवेआगरकरांच्या वतीने आपल्यासमोर ठेवतो. तो अमलात आणण्यासाठी गावाची जागा, गावाची छपरे आणि गावचे हात लागतील, ते आम्ही देऊ. परिषदेला सुयश चिंतितो आणि आपणा सर्वांचे पुन्हा एकदा हार्दिक स्वागत करून माझे भाषण संपवतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!