नाव बुडाल्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण वैनगंगेच्या काठी संसार करताना जे डोळ्यांनी पाहिले आणि मुलीकडून जे वाचून घेतले, ते आपल्यापुढे मांडते. पुरात दुसऱ्यांना काढायला जातात आणि त्यात आपलीच नाव गमावून बसतात, अशा पोरांविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या मधून ही नदी वाहते. तिच्यावर आपले धान पिकते, तिच्यातली मासळी आपण खातो, आणि तिचा कोपही आपणच सोसतो. २०२० सालच्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले, तेव्हाचा पूर कोण विसरेल? ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज गाव तर चहूबाजूंनी पाण्यात. पूर नसतानाही नदी दगा देते. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या बाया मिरची तोडायला पलीकडे निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहाजणी गेल्या. पोटासाठी निघालेल्या आपल्यासारख्याच बाया त्या.

पूर आला की सरकारी पथके येतात. नागपूरहून जवान येतात, त्यांचे उपकार आहेतच. पण रस्ते बुडालेले असतात, त्यांना पोचायला वेळ लागतो. तोवर धावतात ती गावातलीच पोरे आणि आपले ढीवर बांधव. त्यांना पगार नाही, गणवेश नाही. असतो तो एक डोंगा, आणि तोही पोटाचाच.

आमच्या काठावरच्या चार पोरांचा डोंगा असाच गेला. एका बाळंतिणीला अलीकडे पोचवून ती परत निघाली होती. पाण्याखाली बुडालेल्या बाभळीवर डोंगा आदळला आणि फुटला. चौघे पोहून निघाले, देवाची कृपा. पण पुढे काय झाले ते ऐका. पहिल्या दिवशी गावाने त्यांना हार घातले. आठ दिवसांनी तेच लोक पारावर बसून म्हणू लागले, "एवढी घाई कशाला केली? डोंगा नीट पाहून का नेला नाही?" ज्याचा डोंगा होता त्याची मासेमारी बंद पडली. त्यातला धाकटा पोरगा तर रात्री दचकून उठे आणि नदीकडे पाठ करून बसे. त्याची आई मला म्हणाली, "बाई, पोरगा वाचला म्हणतात सारे, पण तो अजून घरी आलाच नाही." हे बोल माझ्या मनातून गेले नाहीत.

वाचवायला जाणाऱ्याचीही नाव बुडते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगलीकडे ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरात ग्रामपंचायतीची नाव लोकांना बाहेर काढत होती. जागेपेक्षा जास्त माणसे बसली, नाव उलटली आणि सतराजण गेले. २३ मे २०२४ रोजी नगरकडील अकोले तालुक्यात, सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध चालू असता पथकाचीच बोट उलटली आणि तीन जवान दगावले. ते तर शिकलेले, तयारीचे लोक. मग आपल्या पोरांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

मुलीने मला विलायतेतली एक हकिकत वाचून दाखवली. तिथे समुद्रात सापडलेल्यांना काढायला गावोगावचे स्वयंसेवक नावा ठेवतात, त्यांची संस्था १८२४ पासूनची आहे. माउझल नावाच्या कोळ्यांच्या गावातून १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री वादळात आठजण एका जहाजाच्या मदतीला गेले. नावही गेली, आठहीजण गेले, आणि जहाजावरचे आठही गेले. निघताना मुख्य नावाड्याने एका पोराला मागे ठेवले होते. त्याचा बाप आधीच नावेत होता, आणि अशा रात्री एका घरचे दोघे नेणार नाही, असे तो म्हणाला. एवढा घाला पडला, तरी एका दिवसाच्या आत गावातले पुरेसे लोक नव्या नावेवर जायला तयार झाले. देशभरातून त्या घरांसाठी तीस लाख पौंडांच्या आसपास मदत जमली. मागे राहिलेला तो पोरगा पुढे तिथल्या नावेचा मुख्य नावाडी झाला.

भगिनींनो, ही माणसे पुन्हा उभी राहिली ती गावाने घरही सांभाळले आणि नावही दिली म्हणून. नुसत्या शाबासकीने कोणी उभे राहत नाही. यात आपण बायांनी काय करावे, ते सांगते.

पहिली गोष्ट शरीराची. पाण्यातून निघालेल्याचे ओले कपडे आधी काढावे, कोरडे घालावे, घोंगडी गुंडाळावी. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गोड, गरम चहा द्यावा. थंडीवर उतारा म्हणून कोणी दारू पाजू लागला तर त्याला हटकावे, दारूने अंगातली ऊब उलट लवकर निघून जाते. आणि नाकातोंडात पाणी गेलेला माणूस "मला काही झाले नाही" म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. खोकला, धाप किंवा गुंगी काही तासांनीही येते.

दुसरी गोष्ट मनाची. येणाऱ्या-जाणाऱ्याने "कसे झाले, सांग ना" म्हणून त्याला तीच हकिकत दहादा बोलायला लावू नये. तो आपण होऊन बोलला तर मात्र मधे न तोडता ऐकावे. सोबत गेलेली पोरे एकत्र बसत असतील तर बसू द्यावी, त्यांचे दुःख त्यांनाच कळते. पारावरच्या टीकेला घरातल्या बाईने तिथेच उत्तर द्यावे. महिना झाला तरी झोप नाही, जेवण नाही, असे असेल तर देवऋषीकडे न नेता डॉक्टरकडे न्यावे. सरकारचा १४४१६ हा फोन क्रमांक याचसाठी आहे, त्यावर पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट पोटाची. डोंगा आणि जाळे गेले की चूल थंडावते. तलाठ्याकडून पंचनामा लगेच करून घ्यावा, फोटो काढून ठेवावे. मच्छीमाराची नाव व जाळे गेल्यास आपत्तीच्या निधीतून मदतीची तरतूद आहे. मदतकार्यात जीव गेला तर त्याच्या वारसांनाही ती मिळते. २०२२ साली ठरलेल्या नियमांत ती रक्कम चार लाख रुपये होती. पण दाखला आणि पंचनामा नसेल तर सारे अडते. ज्या घरात रडणे चालू आहे त्या घरच्या बाईला कागद सुचत नाहीत. तिच्याबरोबर तहसीलला जायला आपल्यातल्या दोघीजणी निघाल्या पाहिजेत. आणि रोवणीचे दिवस असतील तर तिच्या बांधीत पऱ्हे लावायला पाचजणी उतरल्या पाहिजेत. हे काम आपल्याला शिकवावे लागत नाही.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदाच्या संक्रांतीला आपण वाण लुटण्याचे पैसे बाजूला ठेवू. त्यात प्रत्येकीने यथाशक्ती भर घालावी. त्यातून पोरांसाठी तरंगती जाकिटे आणि चांगला दोर घेऊ, उरेल ते डोंग्याच्या डागडुजीला ठेवू. हिशेब दरसाल याच दिवशी सर्वांसमोर वाचला जावा. जाकिटाशिवाय पोराला पाण्यात जाऊ न देणे आणि डोंग्यात एकही माणूस जास्तीचे बसू न देणे, ही दोन बंधने आया-बहिणींनी घातली तर पोरे ऐकतात. सरकारची आपदा मित्र योजना आहे, तीत स्वयंसेवकांना शिक्षण आणि साहित्य मिळते. आपल्या पोरांची नावे तिथे लागावी म्हणून मंडळाने अर्ज करावा.

तो धाकटा पोरगा मागच्या पोळ्याला बैल धुवायला नदीवर आला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहिला, एवढेच. पण त्याच्या आईने मला मुद्दाम येऊन सांगितले. नवा डोंगा मात्र अजून झालेला नाही, आणि पावसाळा काही आपल्यासाठी थांबणार नाही.

माझ्या सूचनेचा मंडळाने विचार करावा, अशी विनंती करते.