लांब मानेचा प्राणी आणि ज्ञानकोशातील नोंद
(दर्यापूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



डायनोसॉर हा शब्द चौथीच्या मुलास आता नवा राहिलेला नाही. लांब मान, प्रचंड देह आणि त्याहून लांब शेपूट असलेला प्राणी तो पाटीवर सहज काढून दाखवितो. मात्र हा प्राणी कोठे राहत होता असे विचारले, तर तो अमेरिकेचे नाव घेतो. या वर्गातील एका प्राण्याची हाडे विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात, डोंगरगावच्या टेकडीवर सापडली, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या संशोधकांनी 1984 ते 1986 या काळात ती हाडे खणून काढली. मान, पाठ आणि शेपूट यांचे मणके, बरगड्या, खांद्याची व कमरेची हाडे आणि पुढच्या पायाची हाडे त्यांत मिळाली. कवटी व मागचे पाय मात्र मिळाले नाहीत. 1997 साली जैन आणि बंडोपाध्याय यांनी या प्राण्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून त्यास टायटॅनोसॉरस कोलबर्टी असे नाव दिले. पुढे 2003 साली विल्सन आणि अपचर्च यांनी ते नाव बदलून आयसिसॉरस कोलबर्टी असे केले. नव्या नावातील आरंभीची अक्षरे त्या कलकत्त्याच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतलेली आहेत. नाव बदलण्याचे कारण असे की, टायटॅनोसॉरस हे नाव 1877 साली लायडेकर यांनी जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून ठरविले होते. आणि त्या मणक्यांची जी लक्षणे तेव्हा खास वाटली, ती पुढे कितीतरी निरनिराळ्या प्राण्यांत आढळून आली. ज्या नावाने एक प्राणी दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, ते नाव शास्त्रात टिकत नाही.

आता ज्ञानकोशाकडे वळावयास हरकत नाही. मराठीत हे कार्य ज्यांनी उभारले, त्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीसच झाले. त्यांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली 1976 पासून खंडशः निघालेला मराठी विश्वकोश, या दोहोंत नोंद लिहिणारा व तपासणारा ठरलेला असे. एकदा छापलेले वाक्य नवी आवृत्ती निघेपर्यंत तसेच राही. 2003 साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत निराळी आहे. तेथे कोणीही वाक्य घालू शकतो, दुसरा कोणी ते दुरुस्त करतो, झालेला प्रत्येक फेरफार इतिहास या सदरात दिसतो आणि मतभेद चर्चापानावर मांडले जातात.

समजा, डोंगरगावच्या प्राण्याची नोंद दोन शिक्षक मिळून सुधारीत आहेत. एकाने टायटॅनोसॉरस लिहिले, दुसऱ्याने ते खोडून आयसिसॉरस केले. पहिल्याने पुन्हा जुने नाव घातले. दोघांजवळही पुस्तक आहे आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. 1997 चे नाव कोणते, 2003 चे कोणते आणि बदल का झाला, एवढे लिहिले की भांडण मिटते आणि नोंदही पूर्ण होते. चित्राचे तसेच आहे. चित्रात डोके व मागचे पाय काढलेले असतात. ते नातलग प्राण्यांवरून केलेले अनुमान होय, असे चित्राखाली लिहिलेच पाहिजे. मानेच्या बाबतीतही सावध राहावे. वर्ग लांब मानेच्या प्राण्यांचा खरा, परंतु आयसिसॉरसची मान त्या वर्गाच्या मानाने आखूड व उंचीने भरदार होती.

याहून मोठी दुरुस्ती डोंगरगावाजवळच्या पिसदुऱ्याने घडविली. डायनोसॉरच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हते, असे कित्येक पुस्तकांत छापलेले असे. पिसदुरा येथे दगड झालेली विष्ठा विपुल सापडते, आणि ती याच वर्गातील प्राण्यांची असावी असे मानतात. वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा तीत गवताच्या पेशींतील सूक्ष्म वालुकाकण आढळले. हे संशोधन 2005 साली प्रसिद्ध झाले आणि सर्वत्र मानले गेलेले वाक्य मागे घ्यावे लागले. ज्वारी व भात हीही गवतेच होत, हे वऱ्हाडातील मुलास सांगितले तर या शोधाचे मोल त्यास लगेच कळते. विष्ठेचे नाव काढताच वर्गात जो हशा पिकतो, तोही शिक्षकाने पिकू द्यावा.

इंग्रजी वाचणाऱ्या मुलास हे सर्व अन्यत्र मिळते. ज्यास केवळ मराठी येते, ते मूल मराठी नोंद जेथे संपते तेथे थांबते, आणि तीत चूक असेल तर ती चूकच पाठ करते. म्हणूनच, ‘तज्ज्ञांच्या कामात प्राथमिक शिक्षकाने हात का घालावा?’ हा संकोच येथे उपयोगाचा नाही. मात्र उलट दोषही टाळावा. आपल्या गावाच्या अभिमानापायी कोणी दर्यापूरच्या शिवारात डायनोसॉर हिंडविला, तर ते चालावयाचे नाही. पूर्णाकाठचा काळा गाळ त्या प्राण्यांच्या फार नंतरचा आहे. लाव्हारसाचा जो खडक झिजून ही काळी माती झाली, त्या खडकाचे मोठमोठे थर त्या प्राण्यांच्या अखेरच्या काळात साचले. आपल्या मातीचा आणि त्यांचा संबंध एवढाच, आणि तो खरा असल्याने लिहिण्यास योग्य आहे.

वर्गात हे काम संगणकावाचूनही आरंभिता येते. नोंदीतील दहा वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि एकेक वाक्य दोघा मुलांकडे द्यावे. हे कोणी पाहिले, कोठे लिहिले व कोणत्या साली, असे तीन प्रश्न त्यांनी वाक्याला विचारावेत. उत्तर न मिळालेले वाक्य पुसू नये. त्यापुढे खडूने प्रश्नचिन्ह करून ते आठवडाभर राहू द्यावे. उत्तर मिळालेली वाक्ये शिक्षकाने मुलांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत, आणि केंद्रशाळेच्या संगणकावर घालताना प्रत्येकापुढे आधारग्रंथाचे नाव द्यावे. ग्रंथातील वाक्य जसेच्या तसे उचलू नये. दुसऱ्या दिवशी कोणी ते वाक्य बदललेले दिसले, तर रागावण्यापूर्वी चर्चापान उघडून बदलणाऱ्याने काय कारण दिले आहे ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे.