लाकडी क्लॅरिनेट कधी घ्यावी?

श्रोतेहो, मी कवी माणूस, वाजवणारा नव्हे. पण बँडवाल्यांच्या मोहल्ल्यात वाढलो. शिकणारा मुलगा वडिलांकडे लाकडी क्लॅरिनेटचा हट्ट धरतो, तेव्हा बेताच्या ऐपतीच्या घरात प्रश्न सुरांचा राहत नाही, कर्जाचा होतो.

चांगली क्लॅरिनेट टांझानिया, मोझांबिककडच्या काळ्या, जड लाकडाची असते. आतून फुंकरीची ओल आणि बाहेरून कोरडी हवा लागली की ते तडकू शकतं. म्हणून नवी क्लॅरिनेट सुरुवातीचे काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवायची आणि वाजवून झाली की आतून पुसायची. ही पुसण्याची सवय प्लास्टिकच्या वाद्यावरच लावून घ्यावी.

शिकाऊ मुलाचा सूर फाटतो, तेव्हा दोष बहुधा ओठांचा, रीडचा किंवा माउथपीसचा असतो. आधी चांगला माउथपीस घ्यावा. खर्च पुष्कळ कमी, फरक लगेच कळतो. खालचे-वरचे सूर सारखे भरदार लागू लागले आणि आता वाद्यच अडवतंय असं उस्तादांनाही वाटलं, की लाकडी घ्यावी.

जुनी मात्र विकू नका. मे महिन्यातली वरात आणि गणपतीची मिरवणूक यांतलं ऊन-पाऊस तीच सोसेल.