जुन्या जोडनौकेची डागडुजी

मातीचें मडकें विकत घेतांना घरची वडीलधारी बाई तें वाजवून घेते. रंग, आकार आणि किंमत यांचा विचार मागाहून, आधीं नाद. आवाज बद्द आला कीं तडा कोठें आहे हें न शोधतांच मडकें जाग्यावर परत जातें. हीच परीक्षा समुद्रावरील एका नौकेसहि लागू पडते, असें सांगितल्यास श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु अमेरिकेच्या किनाऱ्यावर जुन्या जोडनौकांचे सुटे भाग घेणारे हौशी लोक नेमकें हेंच करितात.

जोडनौका म्हणजे इंग्रज जिला ‘कॅटमरान’ म्हणतात ती. शब्द मात्र मूळचा इंग्रजी नव्हे, तो तमिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणें व ‘मरम्’ म्हणजे लांकूड. तमिळ किनाऱ्यावरील कोळी ओंडके दोरांनीं एकत्र बांधून जें तरांडें करीत, त्याचें हें नांव. पुढें तें दूरदेशीं गेलें आणि दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनीं जोडून केलेल्या शिडाच्या नौकेस चिकटलें. तशा नौका बांधण्याची जुनी परंपरा मात्र पॅसिफिक महासागरांतील बेटांची आहे.

अर्वाचीन काळीं या जातीच्या ज्या नौकेचा फार मोठा प्रसार झाला ती ‘होबी सोळा’. लाटांवरून घसरण्याच्या फळ्या बनविणारे कॅलिफोर्नियांतील कारागीर होबी ऑल्टर (१९३३–२०१४) यांनीं ती १९७० च्या सुमारास बाजारांत आणली. लांबी १६ फूट ७ इंच, रुंदी ७ फूट ११ इंच आणि वजन सुमारें १४५ किलो. म्हणजे चार माणसांनीं सहज वाळूवर ओढावी एवढीच. अशा लाखाहून अधिक नौका तयार झाल्या. त्यामुळें कोणाच्या अंगणांत धड होड्या पण मोडकी डोलकाठी, तर कोणाकडे धड डोलकाठी पण फुटक्या होड्या, असा प्रकार तेथें वारंवार आढळतो. दोन मोडक्या नौकांतून एक धड नौका उभी करण्याचा उद्योग त्यांतूनच निघाला. त्यांत पैशाची बचत खरीच. पण किनाऱ्यापासून मैलभर आंत गेल्यावर एखादा जुना भाग दगा देतो तेव्हां ती बचत फार महाग पडते. म्हणून या व्यवहारांत एक नियम ध्यानांत ठेवणें इष्ट होय: जी वस्तु आपला दोष लपवूं शकत नाहीं ती जुनी घ्यावी, जी लपविते ती नवी घ्यावी.

प्रथम होड्या. त्यांचें अंग फायबरग्लासचें असतें: कांचतंतूंचे दोन पातळ पापुद्रे व त्यांच्यामध्यें हलक्या फोमचा थर. हे थर एकजीव आहेत तोंवर होडी कणखर राहते. ऊन, पाणी आणि पायांचा भार यांनीं पापुद्रा फोमपासून सुटला कीं तो भाग मऊ पडतो, पण वरचा रंग तसाच तकतकीत दिसतो. म्हणून नाणें घेऊन सारें अंग ठोकून पाहावें. टणक, स्वच्छ नाद आला तर अंग निरोगी. बद्द आला तर थर सुटलेला. आडवे दांडे ज्या खुंटांच्या आधारानें बसतात त्यांच्याभोंवतीं व पुढच्या बाजूस ही परीक्षा विशेष बारकाईनें करावी, कारण सारा ताण तेथें येतो.

मऊ भाग तळहाताएवढा असेल तर त्यावर इलाज आहे. तेथें इंचाइंचावर बारीक छिद्रें पाडावींत. मात्र तीं वरच्या पापुद्र्यापुरतींच असावींत. आंतील ओल पूर्ण सुकूं द्यावी. मग पिचकारीनें पातळ एपॉक्सी भरावें, तें शेजारच्या छिद्रांतून वर येऊं लागलें कीं तें छिद्र चिकटपट्टीनें बंद करावें, आणि सर्व घट्ट होईपर्यंत वर वजन ठेवावें. खुंटाच्या सभोंवार सर्वत्र अंग मऊ झालें असेल तर मात्र मोह सोडून परत फिरावें.

दुसरी परीक्षा फुंकरीची. होडीच्या पिछाडीस पाणी काढून टाकण्याचें भोंक असतें. त्यास नळी लावून तोंडानें हवा भरावी व सांध्यांवर साबणाचें पाणी फिरवावें. बुडबुडे येतील तेथें गळती समजावी. यंत्राच्या पंपानें हवा भरूं नये. अधिक दाबानें चांगले सांधेहि उकलतात. होडी उलटी करून तळहि पाहावा. वाळूवर वर्षानुवर्षें ओढल्यानें तो झिजून पातळ होतो. झीज बेताची असल्यास तळ घांसून त्यावर कांचकापड व एपॉक्सी यांचे थर चढवितां येतात. घांसतांना नाकातोंडास मुखपट्टी बांधलीच पाहिजे. कांचेची धूळ फुप्फुसास वाईट.

चौकटीचे दांडे व डोलकाठी ॲल्युमिनियमचीं असतात. खाऱ्या पाण्यांत पोलादी खिळा ॲल्युमिनियमला चिकटून राहिला कीं ॲल्युमिनियम कुरतडलें जातें व खिळ्याभोंवतीं पांढरी भुकटी जमते. भुकटी वरवरची असेल तर साफ करावी, आणि खिळा पुन्हां बसवितांना दोन धातूंमध्यें प्लॅस्टिकची चकती किंवा गंजरोधक लेप घालावा. खिळ्याचें भोंक लांबट झालें असेल किंवा चीर दिसत असेल तर तो दांडा टाकून द्यावा.

डोलकाठी सुमारें २६ फूट उंच असते. ती विजेच्या तारेस लागून माणसें दगावल्यावर, १९८० नंतरच्या दशकांत, तिचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या पदार्थाचा होऊं लागला. जुनी काठी घेतांना असा शेंडा असलेलीच निवडावी; तरीहि ताणाच्या तारा पोलादी असल्यामुळें विजेच्या तारांपासून दूर राहणें हाच खरा उपाय. काठीचीं टोकें पाणी न शिरेल अशीं बंद आहेत ना, हेंहि पाहावें. काठींत पाणी भरलें तर कलंडलेली नौका पालथी होते, आणि मग ती सरळ करणें दुष्कर.

शिडाचें कापड दिसण्यांत ठीक असलें तरी उन्हानें शिवण आधीं कुजते. नखानें टांका खरवडावा. दोरा तुटला तर सारें शीड पुन्हां शिवून घ्यावें. होड्यांमधील बैठकीच्या ताणलेल्या कापडासहि हाच नियम. सुकाणूं खिळखिळें वाटलें तर घाबरूं नये. बहुधा झिजलेलीं बुशें बदललीं कीं तें सरळ चालतें. पण त्याच्या ओतीव भागांत तडा असेल तर तो भाग नवा घ्यावा.

राहिल्या डोलकाठीस उभी धरणाऱ्या तारा. येथें काटकसर करूं नये. तार जेथें टोंकाच्या नळींत शिरते तेथें ती आंतून तुटत असते, आणि प्लॅस्टिकचें आवरण असेल तर गंजहि डोळ्यांआड राहतो. नाद नाहीं, बुडबुडा नाहीं, भुकटी नाहीं. एक दिवस जोराच्या वाऱ्यांत ती तुटते आणि डोलकाठी बसलेल्यांच्या अंगावर येते. जुनी नौका घेणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं दोन्ही बाजूंच्या तारा, नाळेकडील तार, तिला दोन्ही होड्यांशीं जोडणाऱ्या आंखूड तारा आणि त्यांच्या पिना नव्या घ्याव्या. होड्यांच्या किमतींत जे पैसे वांचले ते येथें खर्चावे. बचतीचा याहून चांगला उपयोग नाहीं.

सर्व जुळल्यावर पहिली फेरी मंद वाऱ्यांत, किनारा जवळ ठेवून व अंगांत तरंगतें जाकीट घालूनच करावी. परत आल्यावर प्रत्येक खिळा, पीन व गांठ हातानें चांचपून पाहावी. त्या दिवशीं एखादी ढिली पीन सांपडली तर वाईट वाटून घेऊं नये. ती वाळूवर सांपडली, यांतच सारें आलें.