भात सोडला नाही, तरी वजन उतरलं

जेवण झालं का? झालं नसेल तर आजचा भाग ऐकूनच जेवा आणि झालं असेल तर चालत-चालत ऐका. ते कायले म्हणतो, ते पुढं कळेलच.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून मागितला होता. "दादा, वजन कमी कसं केलं ते सांग ना." मी टाळत होतो. एक तर मी डॉक्टर नाही. दुसरं म्हणजे, माझं वजन अजूनही जिथं पाहिजे तिथं आलेलं नाही. पण चौदा महिन्यांत ९१ किलोवरून ७८ वर आलो आणि गेले पाच महिने तिथंच टिकून आहे. टिकून आहे, हे जास्त महत्त्वाचं. कारण त्याआधी एकदा मी नऊ किलो उतरवले होते आणि सहा महिन्यांत अकरा परत चढवले होते.

तर सुरुवात तिथूनच करतो.

मी भंडाऱ्याचा. कामधंदा म्हणाल तर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. सकाळी दहा ते रात्री नऊ खुर्चीवर. समोर स्क्रीन, बाजूला चहाची टपरी, त्याच्या बाजूला तर्री-पोह्याची गाडी. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ९१. लग्नासाठी फोटो काढायची वेळ आली तेव्हा घाबरलो. मोबाइलवर एक रील पाहिली. त्यात सांगितलं होतं की भात-पोळी बंद, दिवसभर काकडी आणि लिंबूपाणी, महिन्यात दहा किलो. केलं. मे महिना होता. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ ला टेकतो. सतराव्या दिवशी बसस्टँडवर चक्कर येऊन पडलो. एका ऑटोवाल्या काकांनी उचलून सावलीत बसवलं, पाणी पाजलं. म्हणाले, "बाबू, जेवला नाई का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वजन परत कसं चढलं हे सांगायची गरज नाही. लग्नसराई होती.

मग दुसरी गोष्ट घडली आणि ती माझ्याबद्दल नव्हती. माझ्या बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. पायाला चप्पल चावली, जखम झाली, त्यांना दुखलंच नाही म्हणून लक्ष गेलं नाही. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. दवाखान्यात त्यांच्या बाजूला बसलो होतो तेव्हा डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही पण तपासून घ्या." तपासलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी जी टेस्ट असते ना, एचबीएवनसी, ती माझी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय २८.

त्या दिवशी फोटोचा विषय संपला. आता प्रश्न माझ्या पायांचा होता.

आपण एकटे नाही

हे फक्त माझ्या घरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे २४ आणि पुरुषांमागे जवळपास २३ जणांचं वजन जास्त आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला, त्यात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला होता. आणि आपल्या भारतीय शरीराची एक गंमत आहे. हातपाय बारीक, पोट पुढं. म्हणून आपल्यासाठी पट्टी कडक लावतात. बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर, त्याच्या वर गेली की सावध. शिवणकामाची टेप घरात असते. वजनकाटा नसला तरी चालतो.

दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव निघतंच. पण त्यांच्या पद्धतीचं मूळ आपल्या विदर्भात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या डिग्र्यांच्या गोष्टी आपण शाळेत ऐकल्या, ते यावर भाषणं द्यायचे. २००४ मध्ये अपघातात ते गेले. त्यांचा विचार दीक्षित सरांनी पुढं नेला. खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, त्या दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्या म्हणतात, थोडं-थोडं खा, घरचं खा, भात-तूप सोडू नका. यावरून आपल्याकडं घराघरात भांडणं झाली.

मी दोन्ही वाचलं, ऐकलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला चीनमधला एक प्रयोगही वाचला. १३९ जाड लोक, सगळ्यांना कमी कॅलरी दिल्या. अर्ध्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ल्या, अर्ध्यांनी दिवसभरात. वर्षानंतर दोन्ही गटांचं वजन कमी झालं आणि त्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण किती पोटात जातं, हा मुद्दा मोठा. तुम्हाला दोनदा जेवून ते जमत असेल तर दोनदा, चारदा जेवून जमत असेल तर चारदा. फक्त शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात बाळ असेल, वय १८ च्या आत असेल, तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनानं बदलू नका. शुगर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

आता भाताचं बोलू

आपला जिल्हा धानाचा. तलावांचा आणि धानाचा. इथला चिन्नोर शिजला की वास चार घरं पलीकडं जातो. भात सोड म्हणणं म्हणजे घरच सोड म्हणण्यासारखं आहे. मी पहिल्या वेळी सोडला होता, म्हणूनच हरलो.

या वेळी मी फक्त मोजला. ताटात जेवढा घेतो तेवढा वाटीनं मोजला. दोन्ही वेळचा मिळून सहा वाट्या. एक वाटी साधारण दीडशे ग्रॅम धरली तर जवळपास २०० कॅलरी, म्हणजे बाराशे कॅलरी नुसत्या भाताच्या. वरण पातळ, भाजी चमचाभर. खरी गडबड तिथं होती.

सहाच्या तीन वाट्या केल्या. जागा रिकामी ठेवली नाही, भरली. वरण घट्ट केलं. भाजी दुप्पट. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा, बाकी वेळी चवळी, मूग, हरभऱ्याची उसळ. आठवड्यातून दोनदा वैनगंगेचे मासे, पण रश्श्यात, तळून नाही. रोज दोन अंडी. डाळ, अंडी, मासे यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. आणि ताटात क्रम बदलला. आधी भाजी आणि वरण, शेवटी भात. शेवटी आलेल्या भाताला आपोआप जागा कमी मिळते.

सगळ्यात अवघड काय होतं माहीत आहे? भूक नाही. आई.

आई म्हणायची, "बाबू, जराक घे ना अजून. भात तं पाणीच आहे." मी म्हणायचो, "बस झालं वं आई." ती रुसायची. तिला वाटायचं, स्वयंपाक आवडला नाही. बाबांचं बोट गेल्यापासून तर ती जास्तच वाढायची. जणू पोटभर खाऊ घातलं तर आम्हा दोघांना काही होणार नाही. एका रात्री तिला माझा रिपोर्ट दाखवला. आकडा समजावला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांच्या आणि माझ्या ताटाशेजारी तिनं स्वतःच वाटी आणून ठेवली. मित्रांनो, माझं वजन तिथून उतरायला लागलं. वाढणारा हात आपल्या बाजूनं पाहिजे. त्याच्याशी भांडू नका, त्याला कारण सांगा.

टपरीवरचा हिशेब

दुकानात मी दिवसाला पाच चहा प्यायचो. प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा पाच ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मी चहा सोडला नाही. पाचाचे दोन केले, तेही कट. टपरीवाल्या भाऊला सांगितलं, माझी साखर कमी टाक. पहिले दहा दिवस बेचव लागला, नंतर जुना चहा पाकासारखा वाटायला लागला.

तेलाचं तसंच. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. आम्ही महिन्याचं तेल एकदाच भरून त्यावर तारीख लिहायला लागलो. पिंप लवकर संपलं की घरात चर्चा होते. तर्री-पोहा, सांबारवडी बंद नाही. रविवारी, मित्रांबरोबर, एक प्लेट.

आणि पाकिटं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात वीस लोकांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही वेळी हवं तेवढं खायची मोकळीक. पाकिटातल्या अन्नाच्या वेळी ते रोज जवळपास ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले, त्यांना कळलंही नाही. म्हणून काउंटरच्या खणातून कुरकुरीत पाकिटं काढली, तिथं फुटाणे ठेवले. मन घट्ट करायची गरज पडली नाही. हाताला जे लागतं तेच आपण खातो.

चालणं आणि मोबाइल

मोबाइलमध्ये दहा हजार पावलांचा आकडा असतो ना? तो कुठून आला? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. म्हणजे मूळ जाहिरातीचं. नंतर वयस्क बायकांवरच्या एका अभ्यासात दिसलं की साडेचार हजाराच्या आसपासही फायदा सुरू होतो आणि साडेसात हजाराच्या पुढं तो फारसा वाढत नाही. त्यामुळं दहा हजार झाले नाही म्हणून दिवस वाया गेला, असं समजू नका. माझे सुरुवातीला फक्त २,१०० व्हायचे.

मी पहाटे पाचला कारध्याच्या पुलाकडे निघतो. उन्हाळ्यात त्यानंतर रस्ता तापतो. पोलीस भरतीची पोरं बाजूनं पळत जातात, मी चालतो. पहिले काही दिवस लाज वाटली. नंतर तीच पोरं "काय दादा, आज लेट" म्हणायला लागली. रात्री जेवल्यावर बाबा आणि मी दहा मिनिटं गल्लीत चालतो. जेवणानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर वापरतात. बाबा हळू चालतात, मीही हळू चालतो. दिवसातला तो वेळ मला आता सगळ्यात जास्त आवडतो.

एक खरं सांगतो. नुसत्या चालण्यानं वजन फार उतरत नाही. अर्धा तास चालून जे जळतं ते एका समोशात परत येतं. पण उतरलेलं वजन टिकवायला चालणं लागतंच.

झोप

हा मुद्दा तुमच्यासाठी, जे आता रात्री साडेबाराला हे ऐकत आहेत. शिकागोमध्ये जाड तरुणांवर झालेला एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना फक्त जास्त झोपायला शिकवलं. डाएट काही नाही. ते रोज सव्वा तास जास्त झोपले आणि रोज सुमारे २७० कॅलरी कमी खाल्ल्या. झोप कमी झाली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. रात्री अकरानंतरची ती भूक रीलची असते, पोटाची नसते. मी फोन समोरच्या खोलीत चार्जिंगला लावतो.

शेवटचं

वजन रोज करू नका. मी रविवारी सकाळी, चहाच्या आधी करतो. मीठ-पाण्यानं किलो-दीड किलो इकडंतिकडं होतंच. दोन महिने तर माझा काटा ८३ वर अडून बसला होता. मी काहीच नवं केलं नाही, तेच करत राहिलो. एक मात्र लक्षात ठेवा, काही न करता वजन झपाट्यानं उतरत असेल तर खूश होऊ नका, डॉक्टरांकडे जा.

मागच्या महिन्यात परत तपासलं. ६.१ वरून ५.६ आलो. बीएमआय अजून २७ च्या वर आहे, म्हणजे कागदावर मी अजून जाडच. चालेल. रिपोर्ट घेऊन घरी आलो, आईनं विचारलं, "काय म्हणते कागद?" सांगितलं. ती म्हणाली, "मंग आज जराक जास्त घे." आणि वाटी भरूनच वाढला. वाटीनंच, हां.

या आठवड्याचं काम एकच. उद्या जेवताना तुमचा भात किंवा पोळ्या मोजा. कमी करू नका, फक्त मोजा. आकडा काय निघाला ते व्हॉइस नोटवर सांगा. आणि घरात कोणाला शुगर असेल तर आज त्यांचे पाय बघा, जखम आहे का ते. तेवढं नक्की करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.